नवी काच बसवूनही मुलांच्या टॅबचा टच पुन्हा पुन्हा जात असेल तर

टॅब पडतो, काच तडकते, नवी मागवून बसवली जाते. काही दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एका बाजूचा टच मरतो, किंवा टॅब आपणहून अ‍ॅप उघडायला-मिटायला लागतो, किंवा टॅब पडल्याचं कुणालाच आठवत नसताना कोपऱ्यातून नवा तडा निघतो. पुन्हा काच, पुन्हा तेच. अशा वेळी सगळं खापर हलक्या मालावर फुटतं. माल हलका असतोही कधीकधी. पण दुसऱ्यांदा स्क्रीन गेली की मला पहिला संशय काचेखालच्या भागाचा येतो: वाकलेली फ्रेम, खरवडून न काढलेला गोंद, अर्धवट बसलेली पट्टी (काच किंवा एलसीडी बोर्डाला जोडणारी चपटी, लवचिक केबल), फुगत चाललेली बॅटरी. हे तसंच ठेवून वर कितीही चांगली काच बसवली तरी ती टिकणार नाही. तेव्हा तिसरी काच मागवण्याआधी खालचा भाग नीट बघून घ्या.

मुलांचा म्हणून विकला जाणारा टॅब बऱ्याचदा आतून साधाच असतो. अ‍ॅमेझॉनचा फायर किड्स घ्या: नेहमीचा फायर टॅब, त्यावर जाड मऊ कव्हर आणि पालकांसाठीचं सॉफ्टवेअर. त्यामुळे पुढचं सगळं साध्या टॅबलाही लागू आहे. मुलांच्या हातात कोपरे आणि कडा जास्त मार खातात, आणि आत काय काय सांडतं त्याला धरबंध नसतो, एवढाच फरक.

आधी नक्की काय गेलंय ते ठरवा

"स्क्रीन गेली" या दोन शब्दांत तीन वेगळ्या वस्तू येतात. वरची काच, जिच्या पाठीला टचचा थर असतो. तिच्याखाली चित्र दाखवणारा एलसीडी. आणि त्याच्या मागे उजेड पुरवणारी बॅकलाइट. चित्र स्वच्छ दिसतं पण बोट लागत नाही, तर टच गेलाय. शाई सांडल्यासारखा काळा डाग, उभ्या-आडव्या रेघा किंवा नुसता पांढरा पडदा दिसला, तर एलसीडी किंवा त्याची पट्टी. पडदा काळा, पण आवाज येतोय आणि टॉर्च तिरका मारला की फिकट चित्र दिसतंय, तर बॅकलाइट. टच गेला म्हणून एलसीडी मागवणारे आणि एलसीडी गेला म्हणून काच मागवणारे, दोन्ही प्रकारचे लोक भरपूर आहेत.

स्वस्त टॅबमध्ये टचची काच आणि एलसीडी सुटे असतात. मध्ये हवेची बारीक फट असते आणि काच फक्त कडेच्या डबल टेपवर बसलेली असते. काही टॅबमध्ये हे दोन्ही पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. टॅब चालू करून तिरकं बघा. चित्र काचेच्या थोडं आत, खोलवर दिसत असेल तर भाग सुटे आहेत. चित्र थेट काचेच्या पृष्ठभागावर उमटल्यासारखं दिसत असेल तर एकजीव आहेत, आणि तिथे घरी नुसती काच सोडवायच्या फंदात पडू नका. अख्खा कॉम्बो घ्या.

एक जात वेगळी: खेळण्यातले टॅब. २०११ साली आलेल्या लीपपॅडसारख्या टॅबमध्ये दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह टच असतो. नखाने किंवा साध्या प्लॅस्टिकच्या काडीने टच लागत असेल तर तुमचा टॅब त्यातला. तिथे काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहिलं की टेकवलं एकीकडे आणि उमटलं दुसरीकडे, असं होतं. पुढे मी बोटाने चालणाऱ्या, म्हणजे कपॅसिटिव्ह टचबद्दलच बोलतोय.

टॅब न उघडता करायच्या तपासण्या

स्क्रीन गार्ड काढा. कव्हर काढा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण काच बदलल्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारींत कव्हरचा हात पुष्कळदा असतो. जुनी टेप न काढता तिच्यावरच नवी टेप लावली की काच मूळ जागेपेक्षा थोडी उंच बसते. मुलांच्या कव्हरची आतली कड जाड आणि घट्ट असते, ती त्या उंच काचेवर चेपून बसते. कडेच्या पट्ट्यात टॅबला सतत बोट टेकल्यासारखं वाटत राहतं आणि मुलाचं खरं बोट त्याला कळेनासं होतं. शिवाय तोच दाब रोज काचेच्या कडेवर पडतो, आणि काच कडेवरच सगळ्यात नाजूक असते. कव्हर काढल्या काढल्या टच सुधारला, तर दोष सापडला.

चार्जर काढून बघा. टच फक्त चार्जिंगच्या वेळी नाचत असेल तर चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टचमध्ये शिरतोय. दुसरा, चांगला चार्जर लावून बघा. हा आजार काच बदलून जात नाही.

मग खरी तपासणी. अँड्रॉइड टॅब असेल तर सेटिंग्जमध्ये टॅबच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टेकवा. डेव्हलपर ऑप्शन्स दिसायला लागतात, त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा, म्हणजे बोट फिरेल तिथे पडद्यावर रेघ उमटते. मुलाच्या प्रोफाइलमध्ये सेटिंग्ज झाकलेली असतात, म्हणून पालकांच्या प्रोफाइलमधून जा. आता बोट न उचलता वरपासून खालपर्यंत नागमोडी रेघ काढत अख्खा पडदा भरून टाका, मग तसंच आडवं.

रेघ दर वेळी एकाच सरळ पट्ट्यात तुटत असेल तर टचच्या थरातली त्या ओळीची जोडणी तुटली आहे, काच बदलणं आलंच. हात न लावता एकाच जागी बिंदू उमटून राहत असेल तर तिथे काहीतरी दाबतंय किंवा ओल शिरली आहे. बिंदू सगळीकडे उड्या मारत असतील तर दोष चार्जरचा किंवा ग्राउंडच्या (विजेच्या परतीच्या वाटेच्या) जोडणीचा. टच पूर्ण गायब, पण टॅब जरा हलवला किंवा पट्टीच्या बाजूला मागून हलकं दाबलं की परत येतो, तर कनेक्टर. आणि डावीकडे टेकवलेलं उजवीकडे उमटत असेल तर काच चुकीची आली आहे, तिचं कारण पुढे येईल.

टच पार मेला असेल आणि टॅबमध्ये मुलाची चित्रं, फोटो अडकले असतील तर ओटीजी केबलने साधा यूएसबी माऊस जोडा. टॅबला ओटीजी चालत असेल तर पडद्यावर बाण येतो आणि सगळं काढून घेता येतं. आपोआप लागणाऱ्या टचमुळे चुकीचे पिन टाकले जाऊन टॅब लॉक झाला, तर वैतागून बटणं दाबून फॅक्टरी रीसेट करू नका. अँड्रॉइड ५.१ पासून रीसेटनंतर आधीचंच गूगल खातं मागण्याचं संरक्षण आलंय. टच नसलेल्या टॅबवर ते खातं भरत बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

उघडताना

टॅब बंद करा, चार्ज शक्यतो पाव किंवा त्याहून कमी असू द्या. मेमरी कार्ड काढा. फुटलेल्या काचेवर पॅकिंगची पारदर्शक टेप आडवी-उभी चिकटवा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. डोळ्यांवर चष्मा हवाच. ज्याचा टॅब आहे त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

काही टॅब मागून उघडतात: कडेच्या फटीत प्लॅस्टिकची पिक (पातळ त्रिकोणी चकती) घालून फिरवली की खटक्या एकेक करून सुटतात. काहींची काच पुढूनच उचलावी लागते. त्यासाठी हेअर ड्रायरने कडेकडेने ऊब द्या, एका जागी थांबू नका. हाताला चांगलं गरम लागेल इतपत पुरे. पाठीच्या मध्यावर बॅटरी असते, तिकडे ड्रायर नको. टेप सैल झाली की पिक दोन-तीन मिलिमीटरच आत घाला. जास्त आत गेलात की एलसीडी ओरखडेल. नवी काच हातात असेल तर तिची पट्टी कुठल्या कडेला आहे ते आधी बघून ठेवा. जुन्या टॅबमध्ये त्या कडेला पिक घालायची नाही, ती कड सगळ्यात शेवटी, बिजागरीसारखी उघडायची.

स्क्रू निघतील तसे कागदावर टॅबचं चित्र काढून त्या त्या जागी टेपने चिकटवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो थेट एलसीडीच्या पाठीत किंवा बोर्डात घुसतो. स्क्रीन बदलल्यावर एलसीडीवर एकदम ठिपका उमटण्यामागे हेही कारण असू शकतं.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरी तोडण्याचं. कनेक्टर असेल तर तो उचला. लाल-काळ्या तारा थेट बोर्डाला डाग दिलेल्या असतील तर एका वेळी एकच सोडवा आणि तिचं टोक टेपने झाकल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

काचेखाली काय बघायचं

सुरुवात फ्रेमपासून. स्टीलची पट्टी घ्या आणि तिची कड फ्रेमच्या चारही बाजूंवर आणि कर्णावर उभी धरून पलीकडून उजेड पाडा. पट्टीखालून एका ठिकाणी उजेड येतोय आणि दुसरीकडे नाही, म्हणजे फ्रेम वाकली आहे. ज्या कोपऱ्यावर टॅब पडला होता तो कोपरा बोटाने चाचपून बघा. तिथे धातू आत दबलेला असतो किंवा प्लॅस्टिकचा बारीक कंगोरा वर आलेला असतो. नवी काच त्यावर बसवून दाबली की तेवढ्या एका बिंदूवर सगळा ताण येतो. त्या दिवशी काही होत नाही. मग मूल टॅबवर कोपर टेकतं किंवा टॅब उन्हात तापतो, आणि "काहीच केलं नाही" असा तडा जातो. मूल खरंच बोलत असतं.

कंगोरा बारीक कानसीने घासून काढा, दबलेली धातूची कड पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून हळूहळू सरळ करा. हे सगळं काच आणि एलसीडी बाजूला काढून ठेवल्यावर, आणि निघालेली किस बोर्डावर पडू न देता. मग नवी काच टेपशिवाय, नुसतीच जागेवर ठेवून बघा. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबले आणि काच डगमगली तर फ्रेम अजून सरळ नाही. चारही बाजूंची फट सारखी दिसली आणि काच न दाबता बसली, तरच पुढे जा.

काचेच्या जागेवर जुन्या टेपचे चिकट पट्टे आणि काचेचा चुरा उरतो. डोळ्यांना स्वच्छ दिसतो तो भाग बहुधा स्वच्छ नसतो. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड कडेने फिरवा, जिथे अडकेल तिथे कण आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा, टॅबवर ओतू नका. एलसीडीच्या कडेतून ते आत ओढलं गेलं तर बॅकलाइटच्या थरांत कायमचा डाग पडतो.

आता पट्टी. टच येतो-जातो अशा तक्रारीत मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. साध्या टॅबच्या टचच्या पट्टीत कामाच्या तारा मोजून सहा: वीजपुरवठा, ग्राउंड, माहिती वाहणाऱ्या आय-टू-सीच्या दोन, बोट टेकल्याची खूण देणारी इंटरप्ट आणि टचची चिप नव्याने सुरू करणारी रीसेट. यातली एक जरी नीट टेकली नाही तरी टच अर्धवट बिघडत नाही, पूर्णच गायब होतो, आणि टॅब हलला की परत येतो. म्हणून सगळा पडदा एकदम मरत असेल तर काचेआधी कनेक्टरकडे बघायचं.

कनेक्टरला काळी किंवा तपकिरी बारीक दांडी असते. ती नखाने उचलून उभी करायची, पट्टी आत सरकवायची, दांडी आडवी करायची. काही कनेक्टरमध्ये दांडी उभी न होता दोन्ही टोकांकडून थोडी पुढे सरकते. तिला जबरदस्तीने उचललं तर ती तुटून हातात येते. पट्टीवर बहुधा एक पांढरी रेघ छापलेली असते. दांडी बंद केल्यावर ती रेघ कनेक्टरच्या तोंडाशी अगदी समांतर दिसली पाहिजे. एका टोकाला रेघ आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर असेल तर पट्टी तिरकी बसली आहे. त्या दिवशी टच चालेलही, पण मुलाने टॅब दोनदा सोफ्यावर फेकला की संपलं.

कारखान्यातून येताना या कनेक्टरवर फोमचा छोटा चौकोन चिकटवलेला असतो. मागचं कव्हर लागलं की तो फोम दांडीला दाबून धरतो. दुरुस्तीत तो पडून जातो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. पडला असेल तर दांडीवर कॅप्टॉन टेपची (पिवळसर, उष्णता सोसणाऱ्या टेपची) पट्टी लावा आणि वर तेवढाच मऊ फोम चिकटवा. पट्टी दुमडताना गोल वळण ठेवा, कागदाची घडी घालतो तशी नखाने चेपू नका. आतल्या तांब्याच्या रेषा तिथेच चिरतात. कनेक्टरवर पांढरट-हिरवट बुरा दिसला तर कधीतरी काहीतरी गोड आत गेलंय. अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मगच पट्टी लावा.

एलसीडीच्या पाठीपासून बोर्डापर्यंत तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चिकट पट्टी गेलेली असेल तर ती ग्राउंडची आहे. फाडून फेकली असेल तर टच नाचण्याचं कारण तेच असू शकतं. वाहक गोंद असलेली तांब्याची टेप लावून जोड पूर्ववत करा.

शेवटी बॅटरी, आणि इथे घाई नको. बॅटरीचा पापुद्रा सपाट असायला हवा. उशीसारखा फुगीर झाला असेल, किंवा उघडण्याआधी पडद्यावर मधोमध फिकट ढग दिसत होते, काच कडेने सुटून वर येत होती, तर तुमची काच बॅटरीनेच खालून ढकलून काढली आहे. कितीही नव्या काचा लावा, ती प्रत्येकीला ढकलणार. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोकदार हत्याराने उचकटायची नाही आणि केराच्या डब्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. नवी घेताना लांबी, रुंदी, जाडी आणि व्होल्टेज जुळवा. जाडी एखाद मिलिमीटरने जास्त असली तरी पुन्हा तोच खालून दाब.

काच मागवताना

टॅबचं नाव टाकून काच मागवू नका. एकाच नावाच्या टॅबमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या काचा बसवलेल्या असतात. जुनी काच काढल्यावर तिच्या पट्टीवर छापलेला लांबलचक क्रमांक असतो, त्यात बऱ्याचदा एफपीसी ही अक्षरं असतात. तोच क्रमांक शोधा. त्यासोबत काचेची बाहेरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, पट्टीवरच्या सोनेरी टोकांची संख्या, पट्टी निघते ती जागा आणि कॅमेऱ्याचं भोक हेही ताडून घ्या.

पट्टीवर एक छोटी काळी चिप असते, टचचा मेंदू तोच. गुडिक्सची जीटी९११, सिलीडची जीएसएल१६८० अशी नावं बारीक अक्षरात दिसतील. भिंगाने वाचा किंवा फोनने फोटो काढून मोठा करा. टॅबच्या सॉफ्टवेअरला ठरावीक चिपशीच बोलता येतं. सिलीडच्या चिपमध्ये तर तिचं फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वेळी टॅब सुरू होताना टॅबकडूनच भरलं जातं, आणि ते त्या त्या काचेच्या मापाचं असतं. म्हणून दिसायला हुबेहूब काच बसवूनही टच उलटा चालतो किंवा अर्ध्याच पडद्यावर चालतो. फॅक्टरी रीसेटने यात काही फरक पडत नाही. काच परत करा.

चिकटवण्याआधी आणि नंतर

नव्या काचेची संरक्षक फिल्म न काढता आधी नुसती जोडून टॅब सुरू करा. काच हवेत लोंबकळत ठेवून किंवा धातूच्या टेबलावर टेकवून तपासणी करू नका, चांगली काचही तेव्हा वेडीवाकडी वागते. ती एलसीडीवर तिच्या जागीच ठेवा, कडेने धरा आणि पुन्हा पॉइंटर लोकेशनवर नागमोडी रेघ काढा. चार्जर लावून एकदा, काढून एकदा. सगळं ठीक असेल तर टॅब बंद करून बॅटरी पुन्हा सोडवा, एलसीडीवरची धूळ फुंकणीने उडवा, आणि नवी टेप लावा. फ्रेमची कड अरुंद असेल तर दोन मिलिमीटर रुंदीची टेप लागते. बी-७००० गोंद वापरत असाल तर धार अगदी बारीक ठेवा. जास्तीचा गोंद दाबल्यावर आत पसरतो आणि एलसीडीवर चढतो. वर सारखं वजन ठेवून किमान २४ तास टॅब कुणाच्या हाती देऊ नका. हा भाग सगळ्यात अवघड आहे, कारण टॅबचा मालक दाराशी उभा असतो.

कव्हर चढवताना एक कागदाची पट्टी काच आणि कव्हरची कड यांच्यात सरकवून चौफेर फिरवा. जिथे कागद अडकतो तिथे कव्हरची कड आतून थोडी तासा किंवा दुसरं, जरा सैल कव्हर घ्या.

हे सगळं जागेवर असूनही टच येत-जात राहिला, तर बोर्डावरचा कनेक्टरच उखडलेला असण्याची शक्यता मोठी. ते गरम हवेचं आणि सूक्ष्मदर्शकाखालचं काम आहे, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. देताना "टच चालत नाही" एवढंच सांगू नका. चार्जर काढल्यावर काय होतं, कव्हर काढल्यावर काय होतं, रेघ कुठल्या पट्ट्यात तुटते, टॅब हलवल्यावर टच परत येतो का, हे सांगा, आणि जुन्या काचेच्या पट्टीवरच्या क्रमांकाचा फोटो दाखवा.